सकाळी साडेपाचला न उठणारा ट्रॅक्टर आणि पिंपळगावचा सेल्फवाला

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांबलाय. ज्याला घाई आहे त्याने एवढंच वाचा: थंडीत छोटा डिझेल ट्रॅक्टर सकाळी उठत नसेल तर पिंपळगाव बसवंतला हायवेच्या सर्व्हिस रोडला सेल्फ-डायनामोचं एक जुनं पत्र्याचं दुकान आहे, बोर्डाचा रंग उडालाय आणि 'सेल्फ डायनामो आर्मे' एवढंच वाचता येतं, पुढचं 'चर' कधीच गेलंय, तिथं जा. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

आता सविस्तर. आमचा ट्रॅक्टर 24 एचपीचा, तीन सिलिंडर, फोर व्हील ड्राइव्ह, द्राक्षबागेसाठीच घेतलेला. ओळी नऊ फुटाच्या आणि वर मंडप, मोठा ट्रॅक्टर आत घातला की काड्या मोडतो आणि वळताना अँगललाच धडकतो, म्हणून आमच्या निफाड पट्ट्यात घरटी एक छोटा आणि जमलं तर एक मोठा असं झालंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी दोष कंपनीचा निघालाच नाही, मग कशाला.

निफाडची थंडी बाहेरच्या माणसाला सांगितली तर हसतो, म्हणतो महाराष्ट्रात कसली थंडी. त्याला म्हणावं जानेवारीत पहाटे चारला बागेत ये. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा हाच आमच्याकडं प्रमाण, सकाळी सकाळी मोबाईलवर तोच आकडा फिरतो, आणि 2018 च्या डिसेंबरात तो 1.8 पर्यंत खाली गेलेला अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. पारा चार-पाचच्या खाली गेला की पहाटे उठून बागेत शेकोट्या करायच्या, ड्रिपला पाणी सोडायचं, नाहीतर मणी तडकतात, हिरव्या मालाला पिंक बेरीची (मणी गुलाबी पडायची) भीती, फुगवण थांबते ती वेगळीच. आणि शेकोटीला काड्या-चिपाडं आणायला ट्रॉली लागते, ट्रॉलीला ट्रॅक्टर लागतो, म्हणजे नेमक्या ज्या दिवशी ट्रॅक्टरची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी तो मेला.

पहिल्या वर्षी काही त्रास नव्हता. दुसऱ्या हिवाळ्यापासून सुरू झालं. चावी हीटवर (इंजिनातले हीटर तापवायच्या खुणेवर) धरायची, दहा सेकंद मोजायचे, सेल्फ मारायचा, तर गाडी घर्र... घर्र... असं म्हातारं माणूस जिना चढल्यासारखं करणार, मागून नुसता पांढरा धूर आणि डोळ्यात जाणारा डिझेलचा वास, इंजिन काही पेटणार नाही. दहा-बारा वेळा मारला की शेवटी भडभडून उठणार, एक मिनिट अख्खा बॉनेट थरथरणार, मग ठीक. दिवसभर परत एकदाही त्रास नाही, दुपारी चावी नुसती दाखवली तरी चालू.

तिसऱ्या वर्षी तेही बंद झालं. मग आम्ही सगळे करतात तेच केलं, विहिरीजवळ थोडा उतार आहे तिथं रात्री ट्रॅक्टर लावायचा, चाकाला दगड, सकाळी दगड काढायचा, सेकंड गिअर, क्लच दाबून गडगडत सोडायचा आणि खाली गेल्यावर क्लच सोडायचा. अख्खा डिसेंबर असा काढला. एक दिवस उतार संपला तरी गाडी काही पेटली नाही आणि ट्रॅक्टर थेट कांद्याच्या वाफ्यात, मग चुलतभावाचा मोठा ट्रॅक्टर आणून टोचन लावलं. त्या दिवशी नाना (वडील) जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. त्यांचं म्हणणं आमच्या विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन बरं होतं, त्याला ना बॅटरी ना हीटर, थंडीच्या दिवसात किटलीभर गरम पाणी इंजिनाच्या पाण्याच्या कप्प्यात ओतायचं, डिकम्प्रेशनची (आतला दाब सोडणारी) कळ उचलायची, हँडल मारून वेग आला की कळ सोडायची, फक्, फक्, चालू. खरं आहे, पण त्या हँडलनं नानांचा अंगठा एकदा सुजवला होता ते ते सांगत नाहीत.

उपाय काय काय केले त्याची यादीच आहे. बॅटरी नवी टाकली, 6,800. दोन दिवस बरं वाटलं मग परत तेच. एकाने सांगितलं डिझेलमध्ये रॉकेल मिसळ, ते काही केलं नाही, पंपाला वंगण डिझेलचंच असतं आणि रॉकेल कोरडं एवढं मला माहीत होतं. शेजारच्यानं पेट्रोलचा बोळा करून एअर फिल्टरच्या तोंडाशी धरायला लावला, तर आतून असा फाट्कन आवाज आला की माझा हात आपोआप मागं. आणि नानांनी एकदा गरम पाण्याचा तांब्या सरळ डिझेल पंपावर ओतला, मी बघेपर्यंत ओतून झाला होता. नशीब पंप जाम झाला नाही. (एक दिवस तर इंजिन बंद करायचं स्टॉपचं बटण ओढलेलंच राहिलं होतं आणि आम्ही पंधरा मिनिटं थंडीला शिव्या घालत होतो. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.)

शेवटी एका मोठ्या वर्कशॉपला नेला. नाव नको. तिथं गाडी पोचली अकरा वाजता, पाऊण तास रोडने चालवत नेलेली, इंजिन तापलेलं, ऊन पडलेलं. पोरानं चावी फिरवली, पहिल्या सेल्फला चालू. माझ्याकडं असं बघितलं की मीच येडा. मग संगणकावर टाइप केलं आणि सेल्फ ओव्हरहॉल 2,400, ग्लो प्लग (म्हणजे ते हीटर प्लग, सिलिंडरला एक) तीन नग मजुरीसकट 2,700. ऑइल बदललं ते वेगळं. दुसऱ्या दिवशी पहाटे पारा सहावर, आणि गाडी घर्र... घर्र... पांढरा धूर. म्हणजे बॅटरी धरून 11,900 गेले आणि मी परत विहिरीच्या उतारावर.

तर आता दुकान. पत्ता मला एका कांद्याच्या पिकअपवाल्याने दिला. तिथं एक साठीचे मिस्त्री बसतात, सगळे चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणतो. हाताखाली एक पोरगा. दुकानात शिरताच समोर खिळ्याला शंभरेक जुनी आर्मेचर टांगलेली, खाली कार्बनची काळी पूड, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. मी ट्रॅक्टर उभा केला, सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली, चाचांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "शेठ, ही तापलेली गाडी घेऊन काय आलात?"

म्हणलं मग कशी आणू, चालवतच आणणार ना.

म्हणाले, "ताप उतरल्यावर पेशंट दाखवताय. रात्रभर इथं सोडा. बाहेर, उघड्यावर. पांघरूण घालायचं नाही. सकाळी सहाला या."

मला वाटलं टाळतोय. पण चावी घेतली नाही, पैसे मागितले नाहीत, उलट म्हणाले बॅटरीची एक वायर काढून न्या, विश्वास नसेल तर. त्या दिवशी मेहुण्याच्या गाडीवर घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी पोचलो तर चाचा कानटोपी घालून आधीच बसलेले, पोरगा चहा आणायला गेलेला. ट्रॅक्टरच्या सीटवर दव असं की बोटानं नाव लिहावं. आणि इथून पुढचा पाऊण तास मी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी गाडी खोलायच्या आधी मोजताना बघितली.

पहिलं मीटर बॅटरीला. 12.5. म्हणाले बॅटरी ठीक आहे, उगाच बदलली. मग पोरग्याला सेल्फ मारायला सांगितला आणि मीटरकडं बघत बसले. घर्र... घर्र... बॅटरीच्या दोन टोकांवर आकडा 10.4 वर आला आणि तिथंच थांबला. साडेनऊच्या खाली गेला असता तर बॅटरीत खोट होती म्हणे. मग मीटरच्या पिना सरळ सेल्फवर लावल्या, एक सेल्फच्या बोल्टवर, एक सेल्फच्या बॉडीवर. परत सेल्फ मारला. 8.3.

चाचा माझ्याकडं बघून म्हणाले, "बघा. बॅटरी देते साडेदहा, सेल्फला पोचतात सव्वाआठ. दोन व्होल्ट रस्त्यात कोण खातंय?"

मला पण आता मजा यायला लागली. त्यांनी प्लसच्या केबलच्या दोन्ही टोकांना पिना लावल्या, सेल्फ मारला, 0.4. ही चालेल म्हणाले. मग मायनसकडं, एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, सेल्फ मारला, 1.7. अर्ध्या व्होल्टच्या पुढं काही दिसलं की थांबायचं म्हणे, आणि इथं पावणेदोन.

म्हणजे चोर अर्थिंगची केबल. आणि ती केबल वरून बघितली तर एकदम चांगली, काळी, जाड, कुठं तुटलेली नाही. बॅटरीच्या ट्रेखालून जाऊन चेसिसला एका बोल्टवर बसवलेली. चाचांनी ती काढली, टोकाजवळचं रबर ब्लेडनं उभं चिरलं आणि केबल वाकवली तर आतून हिरवी भुकटी पडली. तांब्याच्या तारा नव्हत्याच म्हणा, अर्ध्या तारांचा चुरा झालेला, उरलेल्या काळ्या पडलेल्या. त्यांनी ती भुकटी माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "बोर्डो किती मारता?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं पावसाळ्यात डाऊनी रोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), मग भुरीसाठी सल्फर, आणि फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरच्याच मागं, ते सगळं फवाऱ्याचं धुकं परत ट्रॅक्टरवरच येऊन बसतं, वरून आम्ही प्रेशरनं पाणी मारून धुतो म्हणजे जे वर बसलंय ते केबलच्या टोकातून आत. चाचा म्हणाले द्राक्षवाल्यांच्या दहातल्या चार गाड्यांना हेच असतं. त्यांचा हिशोब आहे, मी काही मोजलेलं नाही, पण भिंतीवर अशा चिरलेल्या हिरव्या केबलींचा एक झुपका लटकलेला होता आणि आता आमचीही त्यात आहे.

मला वाटलं झालं काम. नवी केबल टाका आणि चला. तर म्हणाले थांबा, अजून धुराचं उत्तर मिळालं नाही. सेल्फ हळू फिरणं एक, पण गाडी उठल्यावर मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर टाकते म्हणजे एक सिलिंडर झोपलेलं आहे.

मग हीटर प्लगवरची पट्टी काढली. तिन्ही प्लगला ही एकच पट्टी, त्यामुळं एक मेला तरी बाकीचे दोन तापतात आणि डॅशवरचा दिवा बिचारा नेहमीसारखा लागतो, त्याला काय माहीत. मीटर ओहमवर लावलं. पहिला प्लग 0.9. तिसरा 1.0. मधला, काहीच नाही, मीटर गप्प. आतली तार तुटलेली.

म्हणलं असं कसं, आठवड्यापूर्वी तिन्ही नवे टाकलेत, बिल आहे माझ्याकडं. चाचा काही बोलले नाहीत, तिन्ही खोलले आणि पुठ्ठ्यावर ओळीनं ठेवले. दोन चकचकीत, पान्याच्या खुणा ताज्या. मधला काळा, पेचांवर गंज, कमीतकमी तीन वर्षाचा. मधल्या प्लगच्या बरोबर वरून इंजेक्टरचा पाइप जातो, तो सोडवल्याशिवाय पान्याला जागा मिळत नाही, ज्याने काम केलं त्याला कंटाळा आला, दोन बदलले आणि बिलात तीन. मी त्या पुठ्ठ्याचा फोटो काढून ठेवलाय. पाठवला नाही कुणाला अजून.

नवा प्लग बसवायच्या आधी पकडीत धरून बॅटरीला लावून दाखवला. पाच-सहा सेकंदात टोक लालबुंद, अंधारात बिडी ओढल्यासारखं. मग जुना लावला. काही नाही. नुसतं लोखंड.

आता हे सगळं थंडीतच का होतं, आणि चुलतभावाच्या मोठ्या ट्रॅक्टरला हीटर नसून तो का उठतो, हा प्रश्न मी विचारला आणि चाचांनी चहा खाली ठेवला. डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल शिंतडलं की पेटलंच पाहिजे. सायकलचा पंप जोरात मारला की खालचं नळकांडं हाताला भाजतं, हळू मारला तर काही होत नाही, तसंच. सेल्फ हळू फिरला की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं निसटते आणि जी उरते तिची ऊब थंड लोखंड पिऊन टाकतं. मोठ्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर पडतं, तिथं ऊब टिकते. आमच्या छोट्यात आधी एका छोट्या खोलीत पेटवायचं आणि मग ती आग सिलिंडरमध्ये येणार, आवाज गोड, धूर कमी, पण त्या खोलीच्या भिंती थंडीत सगळी ऊब खातात म्हणून तिथं हीटर प्लग लागतोच. एका खोलीतला हीटर मेला तर दोन सिलिंडर पेटणार आणि तिसरं न जळलेल्या डिझेलची पांढरी वाफ बाहेर टाकणार. दहा अंशाला दोनावर भागायचं. पाच अंशाला, वरून सेल्फ हळू, नाही भागत. एवढं साधं होतं. अख्खा डिसेंबर मी वाफ्यात ट्रॅक्टर घालत बसलो.

बॅटरीचंही तेच, शून्याच्या आसपास तिची ताकद दोन तृतीयांशावर येते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट होऊन इंजिन जड झालेलं असतं, म्हणजे मागणी वाढली आणि पुरवठा घटला. ऑइलवरून आठवलं, त्या वर्कशॉपनं 20 डब्ल्यू 40 टाकलं होतं. पुस्तकात थंडीसाठी 15 डब्ल्यू 40 किंवा 10 डब्ल्यू 30 लिहिलंय, म्हणजे थंडीत त्याहून पातळ राहणारं. चाचा ऑइल विकत नाहीत, नुसतं म्हणाले पुस्तक घरात असेल तर एकदा उघडा.

मग डिझेल. हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि रिव्ह्यूत लिहायचं खरं कारण हेही आहे. चाचांनी फिल्टरच्या वाटीतलं डिझेल काचेच्या ग्लासात घेतलं. गढूळ, ताक पातळ केल्यासारखं. मी म्हणलं पाणी आहे. म्हणाले पाणी खाली बसतं, हे बघा, तळाला थेंबभर आहे, पण वरचं पांढरट ते मेण. कधी भरलं? आम्ही ऑक्टोबर छाटणीच्या वेळी दोनशे लिटरचं बॅरल भरून ठेवतो, त्यातलंच. तर डिझेलला आपल्याकडं सरकारी मानकात दोन मर्यादा आहेत, फिल्टर तुंबायला लागतो त्या तापमानाच्या, थंडीच्या महिन्यातल्या मालाला 6 अंश आणि एरवीच्या मालाला 18 अंश. म्हणजे ऑक्टोबरचं बॅरल जानेवारीच्या पाच अंशात वापरलं तर कायद्यानंही कुणाला बोलता येत नाही. घरी येऊन मी करून बघितलं, बॅरलमधलं डिझेल एका बाटलीत आणि त्याच दिवशी पंपावरून आणलेलं दुसऱ्या बाटलीत, दोन्ही रात्री गच्चीवर ठेवल्या. सकाळी पंपावरची स्वच्छ, बॅरलची दुधाळ. उन्हात ठेवली, नऊ वाजता परत स्वच्छ. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये वेगळं विंटर डिझेल काढलं, उणे 33 अंशालाही न गोठणारं, पानिपतच्या रिफायनरीत बनतं ते. आम्हाला एवढं नकोय, बॅरल डिसेंबरच्या आत संपवलं आणि नंतर पंपावरून ताजं आणलं की काम भागतंय.

फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या लाइनीत अडकलेली एअर (हवा) काढायची होती, ती पोरग्यानं काढली, पाइप जोडणारा बॅन्जो बोल्ट अर्धा आटा ढिला, हातपंप दाबत बसायचा, आधी फेस येतो मग फेस संपून सलग धार, मग आवळायचा. पाच मिनिटाचं काम. मला करून बघायला लावलं आणि मी बोल्ट जास्त ढिला करून स्वेटरवर डिझेल घेतलं ते वेगळं.

मग सगळं बसवलं. नवी अर्थिंगची केबल, जाड, टोकं दाबून वरून वितळलेलं शिसं, चेसिसचा रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं करून तिथं बोल्ट, आणि वरून पेट्रोलियम जेली थापली. आणि एक जादा अर्थ सरळ सेल्फ इंजिनला कसलेल्या बोल्टवर (प्लसच्या नव्हे) दिला, तो मी मागितला नव्हता. परत मीटर लावलं, 1.7 चे 0.1 झाले. हीट दहा सेकंद. क्लच पूर्ण दाबलेला, कारण नाहीतर सेल्फ इंजिनबरोबर गिअरबॉक्समधलं थंड घट्ट ऑइलही ढवळत बसतो, हँड अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्यावर. दीड फेरा. खरंच सांगतो, दीड फेऱ्यात चालू, धूर एवढासा, थरथर नाही. पावणेसात वाजले होते, पत्र्यावर अजून दव होतं.

बिल. केबल दोन मिळून 780, ग्लो प्लग एक 650, डिझेल फिल्टर 310, मजुरी 500. एकूण 2,240. 11,900 नंतर 2,240. मी 2,300 दिले तर साठ रुपये परत मोजून हातावर.

आता अर्धा स्टार का कापला. एक, फोन उचलत नाहीत. अजिबात. पोरगा उचलतो आणि "चाचा बिझी आहेत" म्हणून ठेवतो. दोन, पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात, ज्याला हिशोबाला लागतं त्याची पंचाईत. तीन, बोलणं तिखट. पेट्रोलच्या बोळ्याचं सांगितलं तेव्हा जे ओरडले, की आत हीटर लालबुंद आणि तुम्ही तोंडाशी पेट्रोल धरता, रिंगा तुटल्या असत्या, हात गेला असता, समोर चार माणसं होती, मला मान खाली घालून ऐकावं लागलं. बरोबर होते, पण तरी. आणि चार, सेन्सरवाल्या नव्या गाड्यांना ते हात लावत नाहीत, सरळ सांगतात कंपनीत न्या, ते एका अर्थानं चांगलंच.

बसायला जागा नाही, एक उलटी बादली आहे. चहा मात्र स्वतःच्या पैशानं पाजतात.

सहा आठवडे झाले. मधे एकदा पारा साडेचारवर गेला, त्या पहाटे मी मुद्दाम नानांना सोबत घेऊन गेलो, हीट, दहा सेकंद, सेल्फ, चालू. नाना काही बोलले नाहीत, शेकोटीला काड्या भरायला लागले. नंतर दोन-तीन मिनिटं नुसता स्लोवर ठेवतो, चालू झाल्या झाल्या रेस देत नाही, ते चाचांनी दोनदा बजावलंय. सेल्फ दहा सेकंदाच्या वर मारत नाही आणि मारला तर मधे अर्धा-एक मिनिट थांबतो. ब्लोअर मारून आलो की बॅटरीच्या बाजूला प्रेशरनं पाणी मारायचं बंद, ओलं फडकं फिरवतो. फक्त सवय अशी लागलीय की रात्री ट्रॅक्टर आपोआप विहिरीच्या उतारावरच लावला जातो आणि सकाळी दगड काढायचा राहून गेला की गाडी जागची हलत नाही, मग परत उतरा.

कुणी जाणार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा आणि रात्रभर तिथंच ठेवायची तयारी ठेवा, तापलेली नेली तर परत पाठवतात. पान्यांचा डबा आणि सीटखालची गोष्ट काढून घ्या, जागा उघडी आहे. आणि सोमवारी जाऊ नका, सोमवारी कांद्याच्या पिकअपवाल्यांची रांग असते आणि चाचांचं डोकं सकाळीच फिरलेलं असतं.